साधी, जलद, निमआराम

आमच्या ऑनलाइन सेंटरात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे. लोक झेरॉक्स काढायला येतात आणि काहीतरी विसरून जातात. चष्म्याची डबी, रेशनकार्डाचं मधलं पान, एकाच माणसाचे आठ पासपोर्ट फोटो आणि आठही फोटोंत तो रागावलेला! मी लग्न होऊन गडचिरोलीकडच्या मुलचेऱ्याला आले तेव्हा डबा अर्धा होता. आता झाकण बसत नाही. किश्शांचंही तसंच झालं. मी बोलत कमी, त्यामुळे मी काउंटरमागे बसले आहे हे लोक विसरतात. आणि विसरले की मोकळे बोलतात.

माणसं फार नाहीत. नवरा सागर. तो सेंटर चालवतो आणि उरलेल्या वेळात परदेशातल्या एका माणसाच्या व्हिडिओंखाली अक्षरं बसवून देतो. तो माणूस पैसे बिटकॉइनमध्ये देतो. सासरे, म्हणजे मामाजी, एसटीतले रिटायर कंडक्टर. जगात दोनच जातीचे लोक आहेत असं ते मानतात: तिकीट काढलेले आणि अजून न सापडलेले. सासू म्हणजे आत्याबाई. आणि चंद्रपूरचे जावई, त्यांचं पुढे येईलच.

या सगळ्यांच्या मध्ये माझ्या दोन सोन्याच्या पाटल्या. आईने अंगणवाडीच्या मानधनातून वर्षानुवर्षं थोडं थोडं बाजूला टाकून केलेल्या. त्या एकदा जाता जाता राहिल्या. कशा, ते शेवटी सांगते. आधी फीचं सांगावं लागेल.

*

मला बघायला आले तेव्हाची गोष्ट. आमचं गाव ब्रह्मपुरीकडे, धानाचा पट्टा. माझ्या मामाने विचारलं, "पगार किती?"

सागर म्हणाला, "काम ठरलेलं आहे. पण पैसे बिटकॉइनमध्ये येतात. मग मी ते एक्स्चेंजवर पाठवतो अन् रुपये करतो. पाठवायच्या आधी फी किती लागंल त्याचा अंदाज पाह्यतो."

"किती लागते फी?"

"ते गर्दीवर आहे. कधी तीस रुपये, कधी तीनशे."

मामाने चष्मा काढून पुसला. चष्मा स्वच्छच होता.

"मंजे स्वतःचाच पगार घरी आणाले भाडं लागते?"

पोह्यांच्या बशा जिथल्या तिथे थांबल्या. सागर लाल झाला. तेवढ्यात मामाजी बोलले, "लागते न बापा! मी तीस वर्षं तेच वसूल केलं. माणूस खाली हात चालला असो की पगार घेऊन, तिकीट सारखंच!"

मामा हसला. लग्न ठरलं.

परतीच्या गाडीत मात्र मामाजींनी सागरचं मनगट धरून विचारलं म्हणे, "आता खरं सांग. मधात कोण खाऊन राह्यला?"

हे मला लग्नानंतर कळलं. माझ्या मनात तेव्हा वेगळाच संशय होता. तीस की तीनशे हे आधी न सांगता येणारा माणूस संसाराचं काय सांगणार?

*

मामाजी रिटायर झाले, पण गाडीतून उतरले नाहीत.

जेवायला बसले की ताटावर चमचा वाजवतात. दोनदा वाजवला की वाढत राहायचं. एकदा वाजवला की थांबायचं, मग हातात पळी कुठेही असो. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्याच दिवशी त्यांनी एकदा वाजवला आणि मी आपलं आदराने आणखी भात वाढला.

मामाजी ताटाकडे बघत राहिले. म्हणाले, "सूनबाई, एका घंटीत गाडी पुढं नेली तुम्ही. ड्रायव्हर सस्पेंड होते याच्यात!"

फीचंही त्यांनी असंच करून टाकलं. सागरच्या फोनवर पाठवायच्या आधी तीन आकडे दिसतात. कमी फी दिली तर पैसे कधीतरी पोचतात, मधली दिली तर तासाभरात, जास्त दिली तर पुढच्याच खेपेत. सागर हे इंग्रजीतून समजावत होता. मामाजींनी हात वर केला.

"समजलं. साधी, जलद, निमआराम."

तेव्हापासून आमच्या घरात तेच चालतं. सागर फोन उघडतो आणि आतून आवाज येतो, "काय म्हणते आज साधी?"

*

पण संशय गेला नव्हता. एका दुपारी मामाजी सागरच्या पाठीमागे उभे राहिले. हीच त्यांची तपासणीची जागा. बसलेला माणूस मागे वळला की तो विनातिकीट, असा त्यांचा अनुभव आहे.

सागर मागे वळला!

"काऊन वळला?"

"तुम्ही श्वास घेऊन राह्यले मानेवर!"

"मागच्या महिन्यात तू एवढेच पैसे पाठवले तवा फी कमी होती. आज जास्त. साधीच आहे, गर्दी बी नाई. वरचे कुठी गेले?"

सागरने समजावलं. तो परदेशातला माणूस दर दोन-तीन दिवसांनी थोडे थोडे पैसे देतो. पुढे पाठवताना ते सगळे बारके तुकडे एकत्र बांधावे लागतात. जितके तुकडे जास्त तितकं गाठोडं मोठं, आणि नेटवर्कवर फी लागते ती गाठोड्याच्या आकाराची, आतल्या किमतीची नाही.

मामाजी खुर्ची ओढून बसले. त्यांचा चेहरा एकदम सोपा झाला.

"मंजे लगेज!"

"हो, तसंच."

"मग त्याले सांग न, रोज चिल्लर नको टाकू. महिन्यातून एकदा बंदी नोट दे म्हणा."

सागरने तसं कळवलं. पुढच्या महिन्यापासून पैसे एकरकमी येऊ लागले आणि फी निम्म्याहून खाली आली. त्या माणसाने कौतुकाने विचारलं की तुला हा सल्ला कुणी दिला?

सागरने उत्तर पाठवलं, "माझे वडील. तीस वर्षं ट्रान्सपोर्ट नेटवर्कमध्ये होते."

त्या माणसाने विचारलं, त्यांना आमच्याकडे काम करायला आवडेल का!

*

एवढं डोकं लागल्यावर मामाजींना वाटलं, आता भावही करता येईल.

झेरॉक्स मशीनचा ड्रम बदलायचा होता. सागर पैसे पाठवायला बसला. साधी चाळीस दाखवत होती.

"चाळीस ते सांगते. आपण काऊन द्यावं? बाजारात सांगितलेल्या भावात कोणी वांगे तरी घेते का?"

"इथी भाव होत नाई बाबा."

"मंग ही खाली रिकामी जागा कायची आहे?"

ती जागा आपल्या मनाची फी लिहायची होती. सागर खोटं बोलू शकत नाही, हा त्याचा दोष आहे. त्याने सांगून टाकलं.

"दहा टाक!"

दहा टाकले. पैसे निघाले, पण पोचले नाहीत. नेमकी त्याच आठवड्यात नेटवर्कवर गर्दी वाढली आणि आमचे दहा रुपये रांगेच्या शेवटी उभे राहिले. एक दिवस. दोन दिवस. मामाजी सकाळी दात घासत विचारायचे, "सुटली का?"

"नाई."

तिसऱ्या दिवशी त्यांचा संशय पोरावरच फिरला. चहाच्या टपरीवर चार लोकांत म्हणाले, "पोट्टा सांगते, पैसे रस्त्यात आहेत. अरे, कोणत्या रस्त्यात? आष्टीच्या का आलापल्लीच्या?"

टपरीवाला म्हणाला, "आष्टीच्या रस्त्यात असतील त विसरा भाऊ. सूरजागडच्या खाणीचे ट्रक लागून आहेत सकाळपासून."

मामाजी खरोखर विचारात पडले. मी पाहिलं.

पाचव्या दिवशी सागरला राहवलं नाही. अडकलेल्या व्यवहाराची फी मागाहून वाढवता येते. त्याने वाढवली, पासष्ट केली. चहा गार व्हायच्या आत पैसे पोचले.

मामाजींनी तो उरलेला चहा एका घोटात संपवला.

"मंजे शेवटी ड्रायव्हरले चहा पाजाच लागला!"

*

फळ्याचा किस्सा तर अख्ख्या बसस्टँडला माहीत आहे.

आमचं सेंटर स्टँडला लागून. मामाजींना रोज फी विचारायचा कंटाळा आला म्हणून त्यांनी सागरला सांगितलं, सकाळी पाहून बाहेरच्या फळ्यावर लिहून ठेवत जा. सागर लिहीत नाही म्हणून ते स्वतःच लिहू लागले. अक्षर सुंदर आहे त्यांचं. "आजचे दर. साधी ३०. जलद ७०. निमआराम १२०."

पहिल्या दोन दिवसांत काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी चंद्रपूरच्या गाडीत भांडण पेटलं. एक बाई कंडक्टरला सोडेना.

"फळ्यावर एकशे वीस लिहून आहे अन् तुम्ही आमच्याकडून जास्त घेऊन राह्यले! तेबी निमआराम नाई, लाल डब्यात!"

"कोणत्या फळ्यावर?"

सगळी गाडी खिडकीतून बाहेर वाकली. पंचवीस बोटं आमच्या दुकानाकडे! कंडक्टर मामाजींच्या हाताखाली शिकलेला होता. खाली उतरला, फळा वाचला आणि हात जोडून म्हणाला, "साहेब, तुम्ही रिटायर झाले. आता तरी भाडं ठरवू नका."

फळा पुसला. पण त्याआधी दोन वेळा साध्या कपड्यातले एक गृहस्थ येऊन तो वाचून गेले होते. आमच्या भागात साध्या कपड्यातला माणूस एका जागी दोनदा उभा राहिला की शेजारीसुद्धा आवाज बारीक करतात. तिसऱ्यांदा ते आत आले. एक आधारकार्ड झेरॉक्स केलं, एकच बाजू. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "काका, हे दर कोणत्या गाडीचे होते?"

मामाजी म्हणाले, "दिसत नाई त्या गाडीचे."

"कुठून सुटते?"

"ते कोणालेच माहीत नाई."

"मालक कोण?"

"मालक नाई. तेच त मी दोन वर्षांपासून विचारून राह्यलो!"

त्यांनी खिशातून छोटी वही काढली आणि सगळं लिहून घेतलं. सागर त्या दिवशी जेवला नाही. मामाजी दोनदा चमचा वाजवून जेवले.

*

आता माझ्या स्वतःच्या संशयाचं. लपवून काय करू?

लग्नाला दोन महिने झाले होते. दर रविवारी उजाडताना सागर हळूच उठायचा, चपला हातात घ्यायचा आणि गच्चीवर जायचा. अर्ध्या तासाने येऊन पुन्हा झोपायचा. चेहऱ्यावर समाधान!

तीन रविवार मी मोजले. चौथ्या रविवारी मागे गेले. जिन्यात उभी राहिले. वर तो फोनमध्ये बघून पुटपुटत होता, "अजून थोडी उतर... अजून थोडी... हां, बस्स. आता."

मी वर गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यावर ओरडले, "कोण आहे ती?"

तो इतका दचकला की फोन पाण्याच्या टाकीवर पडला.

ती म्हणजे साधी होती. रविवारी पहाटे जगभरात गर्दी कमी असते म्हणे, तेव्हा फी उतरते. तो पाळत ठेवून बसायचा.

सवत असती तर भांडले असते. फीशी काय भांडणार? पण तेव्हापासून मीही ते आकडे बघायला शिकले. नवऱ्याचा वेळ जिथे जातो, तिथलं भाडं बायकोला माहीत असावं.

*

आत्याबाई या सगळ्यात कधी पडत नाहीत. त्यांचं माहेर जंगलालगतचं. लग्नाआधी उन्हाळ्यात त्या तेंदूपत्ता तोडायला जायच्या. पानांचे पुडे बांधून ठेकेदाराच्या फडावर मांडायचे, तिथे मोजणारा मुन्शी शेकड्यामागे काही पुडे वरचे म्हणून घ्यायचा.

एकदा मामाजी आणि सागर फीवरून वाद घालत होते. मधे कोण खातो, का खातो. आत्याबाई लसूण सोलत होत्या. म्हणाल्या, "आमच्या फडावर दोन मुन्शी होते. एक पुडे मोजायच्या आधी सांगे, शंभराले दोन माझे. दुसरा मोजून झाल्यावर सांगे, पाच काढा. तो आधी सांगणारा फी घेत होता."

"अन् दुसरा?" मी विचारलं.

आत्याबाईंनी लसणाचं साल फुंकलं. "त्याच्या फडावर आम्ही दुसऱ्या साली गेलो नाई."

मामाजींच्या तीस वर्षांपेक्षा मला हे जास्त पटलं. पण आत्याबाईंचा हा शहाणपणा एका माणसाला लागू नव्हता. जावयाला.

*

जावई म्हणजे भूषणजी, माझ्या नणंदेचे यजमान. चंद्रपूरला एका कारखान्यात सुपरवायझर. एका रविवारी ताईंना घेऊन आले. कोंबडा कापला. वाढताना पहिला मान त्यांचा, पाण्याचा तांब्याही पहिला त्यांच्यापुढे. आमच्याकडे जावई काही मागत नाही. तो उसासा टाकतो आणि सासुरवाडीने समजून घ्यायचं असतं.

भूषणजींनी चार उसासे टाकले. मग फोन काढला.

एका मित्राने त्यांना एका ग्रुपमध्ये घेतलं होतं. तिथल्या ॲपवर त्यांनी चाळीस हजार टाकले आणि आता स्क्रीनवर चार लाख बारा हजार दिसत होते. हिरव्या अक्षरात.

"पैसे तयार आहेत," भूषणजी म्हणाले. "टॅक्स भरून झाला. आता फक्त नेटवर्क फी राहिली. अठ्ठेचाळीस हजार. उद्या दुपारपर्यंत भरली की बुधवारी सगळे खात्यात."

सागरने मान खाजवली. "भाऊजी, नेटवर्क फी एवढी नसते. आज तीस-पस्तीस रुपये आहे."

"तुमचं छोटं नेटवर्क असेल. आमचं व्हीआयपी आहे."

"निमआराम," मामाजी पुटपुटले. पण तेवढंच. बाकी ते गप्प! जो माणूस पोटच्या पोराच्या मानेवर श्वास घेतो, तो जावयाच्या फोनकडे बघतसुद्धा नव्हता. जावयाचं तिकीट तपासायची पद्धत नाही.

मी ताईंकडे बघत होते. त्या सारखी मान खाजवत होत्या. गळ्यात पोत होती, पण तिच्याखाली लाल पुरळ उठलं होतं. खऱ्या सोन्याने पुरळ उठत नाही. टॅक्स कशातून भरला ते मला कळलं. ताईंनी माझी नजर पाहिली आणि पदर वर ओढला.

जेवण झाल्यावर आत्याबाई स्वयंपाकघरात आल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सूनबाई, पोरीच्या घरचा सवाल आहे. तुमच्या पाटल्या चार दिवस गहाण ठेवू. बुधवारी सोडवू."

मी काही बोलले नाही. मी बोलत नाही, हे सगळ्यांना माहीतच आहे.

मोरीत साबण लावून डावी पाटली निघाली. आईने दिलेल्या लाल डबीत ठेवली. उजवी निघेना. बोटाचं हाड आडवं येत होतं. मी ओढत राहिले आणि आत्याबाई डबीचं झाकण उघडून उभ्या राहिल्या. शेवटी त्याच म्हणाल्या, "चहा झाल्यावर तेल लावून पाहू."

*

चार वाजता चहा. सगळे सेंटरातच बसलो होतो, रविवार म्हणून शटर अर्धं ओढलेलं. लाल डबी आत्याबाईंच्या मांडीवर. एक पाटली डबीत, एक माझ्या हातात.

मी कप ठेवता ठेवता विचारलं, "भाऊजी, पैसे टाकताना त्यांनी ही फी सांगितली होती का?"

माझा आवाज ऐकून सागरने वर पाहिलं.

"नाही," भूषणजी म्हणाले. "ती नंतर कळली. काढायला गेलो तेव्हा."

आत्याबाईंचा हात डबीवरून फिरत होता, तो थांबला.

मग त्या मामाजींकडे वळल्या. "तुम्ही काऊन गप्प बसले जी? गाडीत असते त एव्हाना चारदा तिकीट मागितलं असतं!"

मामाजींनी बशी खाली ठेवली. शर्टाचं वरचं बटण लावलं. मी त्यांना युनिफॉर्ममध्ये कधी पाहिलं नव्हतं. त्या क्षणी पाहिलं.

"पाहुणे, त्या साहेबाले फोन लावा. स्पीकरवर."

भूषणजींनी लावला. पहिल्याच रिंगला उचलला. फार गोड आवाज. "जी सर, फीस का इंतजाम हो गया?"

"मी त्यांचा सासरा बोलून राह्यलो," मामाजी म्हणाले. "चार लाख बारा हजार तुमच्या गाडीत बसले आहेत न?"

"जी अंकल, बिल्कुल सेफ हैं."

"तिकीट किती?"

"जी?"

"फी, फी."

"अड़तालीस हजार, अंकल. कल दोपहर तक का ऑफर है, फिर बढ़ जाएगा."

"काई हरकत नाई. त्या चार लाखांतूनच कापून घ्या."

"नहीं अंकल, सिस्टम अलाउ नहीं करता. पहले फीस, फिर रिलीज."

"सुट्टे नाई का तुमच्याजवळ?"

तिकडून नुसता पंख्याचा आवाज आला.

"नसले सुट्टे, त लाजू नका," मामाजी अगदी समजुतीने म्हणाले. "मी तीस वर्षं हेच केलं. सगळेच्या सगळे तुमच्याजवळ राहू द्या. अठ्ठेचाळीस तुमचे. आमच्या पाहुण्याच्या तिकिटामागं फक्त लिहून द्या, बाकी येणे तीन लाख चौसष्ट हजार. खाली सही करा, नंबर टाका. आम्ही उतरताना मागून घेऊ."

"अंकल, आप समझ नहीं रहे..."

"समजलो न. लिहा. मी धरून आहे."

फोन कट झाला.

अर्ध्या शटरखालून गडचिरोलीच्या गाडीची चाकं जाताना दिसली. आत्याबाईंनी मांडीवरची लाल डबी उचलली आणि काउंटरवरून माझ्याकडे सरकवली. माझ्याकडे न बघता. ताईंनी पदर खाली केला आणि मोकळेपणाने मान खाजवली.

भूषणजी फोनकडे बघत होते. हिरवी अक्षरं अजून तशीच होती.

"नेटवर्क गेलं असेल," ते म्हणाले. "पुन्हा लावू का?"

मामाजींनी चमचा उचलला आणि बशीवर वाजवला.

एकदाच.